भारद्वाज दाखवण्याचा करार

माझ्या मामांनी मला फसवलं. माझे सख्खे मामा, बंगळुरात चिकपेटेतले साड्यांचे व्यापारी, यांनी मला एका पक्ष्याच्या व्यवहारात फसवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. व्यवहार तोंडी होता, पण कापड मोजायच्या गजावर हात ठेवून झाला होता, आणि गजावर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे काय हे कापडवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. माझी बाजू मी पुरी केली, त्यांनी त्यांची केली नाही. मामा आता नाहीत. पण त्यांच्या लबाडीचा फायदा ज्याला झाला तो माझा मामेभाऊ विनायक चांगला धडधाकट आहे, आणि परवा त्यानं जे केलं त्यामुळे मी हे प्रकरण लिहायला बसले आहे. नाहीतर मी ते गिळून टाकलं होतं. गिळलेलं पचलं नव्हतं, हा भाग वेगळा.

मामांचं घर बसवनगुडीच्या अंगाला, एका बैठ्या ओळीतलं शेवटचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं चिंचोळं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीत एक गंजकं फाटक. ते उघडलं की पाय सरळ बागेत पडायचा. पहाटे पाचला मामांच्या गुळण्या सुरू होत, आणि त्या इतक्या दणदणीत असत की शेजारच्या घरी कुणी घड्याळाला गजर लावत नसे. मग दुधाच्या कॅनचा खडखडाट, मग मामीच्या कॉफीच्या फिल्टरवर पडणारी चापट, मग विनूचं घोरणं, जे आठपर्यंत चालू राही. मामी निपाणीकडचीच, पण लग्नानंतरची सगळी वर्षं बंगळुरात गेल्यामुळे मराठीत सुरू केलेलं वाक्य ती कन्नडात संपवायची. सकाळी उप्पीट, दुपारी भाकरी आणि शेंगाची चटणी, संध्याकाळी चुरमुऱ्यांना कांदा-कोथिंबीर लावून केलेलं काहीतरी. रामनवमीच्या सुमाराला रस्त्यारस्त्यावर मंडप पडत आणि गुळाचं पानक, भिजल्या डाळीची कोसंबरी, ताक फुकट मिळे. मी पाच मंडप फिरून यायचे. मामी म्हणायची, "घरात जेवण नसल्यासारखं काय गं!" घरात जेवण भरपूर होतं. पण फुकट मिळणारी गोष्ट सोडायची नाही, हा स्वभाव माझ्यात उपजत आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

मला निपाणीहून आणलं होतं ते मामीच्या हाताखाली फॉल लावायला. दुकानात विकल्या गेलेल्या साड्या पिशव्या भरभरून घरी यायच्या आणि आम्ही दोघी खाली मान घालून त्यांना फॉल लावायचो. कांजीवरमचा काठ इतका जाड की सुई वाकायची. लग्नसराईत दिवसाला बारा-पंधरा साड्या. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला अजून घट्टा आहे, हात लावला तर कळतो. फॉल लावणं वाईट काम आहे असं मी म्हणणार नाही, पण ते मला नको होतं. मला गादीवर बसायचं होतं. साड्यांच्या दुकानात पांढरी चादर घातलेली गादी असते, तिच्यावर मांडी घालून विकणारा बसतो आणि गिऱ्हाइकासमोर साडी फर्रकन उलगडतो. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ठरवलं होतं की हा आवाज माझ्या हातातून निघाला पाहिजे. त्या गल्लीतल्या कुठल्याही गादीवर मी बाई बसलेली पाहिली नव्हती.

एकदा फॉल लावलेल्या साड्या पोचवायला दुकानात गेले होते. मामा मागच्या खोलीत माल बघत होते आणि एक बाई घासाघीस करत नोकराला रडकुंडीला आणत होती. मी चप्पल काढली, गादीवर चढले आणि पंधरा मिनिटांत तिला तीन साड्या विकल्या. मामा पडद्याआडून बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "हात चालतो तुझा. जीभही चालते. मुलगा असतीस तर उद्यापासून बसवली असती बघ." हे कौतुक होतं असं त्यांना वाटलं. माझं डोकं इतकं फिरलं की परत येताना बसचं तिकीट काढायचं विसरले. तशात निपाणीहून आईची पत्रं येत होती: हातकणंगल्याचं स्थळ आहे, मास्तर आहे, उन्हाळा संपताच परत ये. म्हणजे माझ्याकडे एक उन्हाळा होता.

त्या घरात एक मुधोळ जातीची कुत्री होती, चंद्री. मामीच्या माहेराकडून राखणीला म्हणून आणलेली. मामांनी आयुष्यात केलेली ही एकमेव वाईट खरेदी, कारण चंद्री भुंकतच नसे. दारात कुणी आलं तर मान लांब करून बघायची आणि परत झोपायची. पण पळायला सोडली तर बाण. तिला फिरवून आणणं विनूचं काम होतं, विनू आठपर्यंत उठत नव्हता, म्हणून ते माझ्यावर पडलं. रोज सहाला मी साखळी मनगटाला गुंडाळून मागच्या फाटकातून बागेत जायचे. पहिले आठ दिवस मी रागानं काहीच बघितलं नाही. नवव्या दिवशी चंद्री एकदम थांबली आणि मी तिच्या अंगावर पडले. मुधोळ कुत्री वास घेत बसत नाही, डोळ्यांनी शिकार शोधते. तिची मान ताठ, कान मागं, पुढचा एक पाय हवेत. मी तिच्या नाकाच्या रेषेत बघितलं तर कुंपणाच्या खाली मुंगूस उभं होतं, दोन पायांवर, आमच्याकडेच बघत. तेव्हा मला कळलं की ही भुंकत नाही पण दाखवते.

त्यानंतर ती बाग वेगळीच झाली. उन्हाळ्यात बंगळुरात सकाळी सात वाजेपर्यंत हवा गार असते आणि तेवढ्या वेळात सगळे प्राणी आपली कामं उरकून घेतात. पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असायचा, त्यात सरडे लाल गळे फुगवून एकमेकांना दम देत. पर्जन्यवृक्षाच्या ढोलीत दोन पिंगळे, डोळे वटारून, अगदी आमच्या हेडबाईंसारखे. तांबट कुटूर कुटूर करत राही आणि त्याला उत्तर म्हणून दुसरा, आणि कंटाळा येईपर्यंत ते थांबत नसत. एकदा जुन्या विहिरीच्या कठड्यावरून धामण गेली, माझ्यापेक्षा लांब. सगळं चंद्रीनं आधी पाहिलं आणि तिच्यामुळे मी. आता मी लेकीकडे सर्जापूर रोडला राहते. तिथं सोसायटीच्या बागेत मी नातवाचा कुत्रा फिरवते, तो पोटाला गवत लागलं तरी केकाटतो. पुण्याहून आलेली मुलं हातभर लेन्सा घेऊन येतात आणि मला सांगतात, "काकू, प्लीज डॉगला लांब ठेवा ना, बर्ड्स डिस्टर्ब होतात." कुत्र्याकडून पक्षी बघायला शिकलेल्या बाईला हे सांगतात! मी उत्तर देते, आणि मग लेकीला सोसायटीच्या ग्रुपवर माफी मागावी लागते.

विहिरीच्या मागं बांबूचं बेट होतं. तिथं मला भारद्वाज दिसला. कावळ्याएवढा, काळ्या अंगावर निळी झाक, पंख विटकरी, डोळे लालभडक. जमिनीवरून चालत होता, घाई नसलेल्या सावकारासारखा. लहानपणी आम्ही म्हणायचो, भारद्वाज दिसला की त्या दिवशी गोडधोड खायला मिळतं. मी सकाळी उप्पीट खाताना सहज बोलून गेले, "आज भारद्वाज दिसला." मामांच्या हातातला चमचा थांबला.

"कुठं?"

"बांबूत. विहिरीमागं."

"तू एकटीनंच बघितलास?"

मामांच्या आवाजात असूया होती. त्यांचा धंदा शकुनावर चालत होता. भारद्वाज दिसल्याशिवाय मोठी खरेदी करायची नाही, असं त्यांच्या वडिलांपासून होतं. निपाणीत शेतावर तो सहज दिसायचा. बंगळुरात आल्यापासून मामा रोज सकाळी धोतर सावरत, टोपी घालून बागेला फेरी मारत आणि पंधरवड्यातून एखाद्या वेळी त्यांना तो दिसे. मग त्या दिवशी ते विणकरांना निरोप धाडत. वर्षाची अर्धी खरेदी अशी एका पक्ष्याच्या मर्जीवर अडकलेली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. मी चंद्रीची मान बघितली, बांबूच्या बुंध्याकडे बोट केलं, आणि मामांना भारद्वाज दिसला. त्यांनी टोपी काढून हात जोडले. बागेतला माळी मुनियप्पा पाण्याचा पाइप टाकून हसायला लागला. कन्नडात या पक्ष्याला केंबूत म्हणतात, आणि मोराची नक्कल करून फजिती झालेला मूर्ख म्हणून तो तिथं प्रसिद्ध आहे. "एन अण्णा, केंबूतक्के नमस्कारा?" तो म्हणाला. मामा म्हणाले, "तुला नाही कळायचं," आणि त्या दिवशी धर्मावरमच्या माणसाकडून सबंध गठ्ठा उचलला. तो गठ्ठा पाडव्याच्या आधी संपला. संपला तो लग्नसराईमुळे. पण मामांना ते पटवणार कोण, आणि मी कशाला पटवू?

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी मामांपुढे बसले. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"मामा, अक्षयतृतीयेपर्यंत तुम्हाला रोज भारद्वाज दाखवते."

"रोज?"

"रोज. बदल्यात अक्षयतृतीयेला मी गादीवर बसणार. एक दिवसापुरती नव्हे, कायमची."

मामांनी अडकित्ता ठेवला. "गादी काय चणेफुटाणे आहेत?"

"मग तुमचे तुम्ही शोधा. मी चंद्रीला दुसऱ्या बाजूनं नेते."

"ए बाई, स्वल्प थांब की." ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "एक दिवस जरी चुकला तरी करार मोडला. आणि मोडला तर हातकणंगल्याचं स्थळ मुकाट्यानं बघायचं."

"पाच खाडे धरा. पाऊस येतो, माळी झाडतो, पक्ष्याला आजारपण असतं."

"पक्ष्याला आजारपण! एक खाडा."

"चार."

"दोन. आणि त्यापुढं एक शब्द बोललीस तर शून्य."

मी दोनवर थांबले. तीन मिळाले असते, हे मला आजही वाटतं. देवघरात आजोबांचा पितळी गज असायचा, दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. मामांनी तो आणला, आम्ही दोघांनी त्यावर हात ठेवला आणि मामा म्हणाले, "सरी, ठरलं." मामी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

तेहतीस दिवस होते. मी त्या पक्ष्याचा असा अभ्यास केला की तसा मॅट्रिकचा केला असता तर माझं नाव शाळेच्या फळ्यावर लागलं असतं. तो उडण्याचा आळशी आहे, उडाला तर विटेसारखा पडतो. सकाळी ऊन बांबूच्या शेंड्यावरून खाली उतरलं की विहिरीच्या कठड्यावर येतो आणि दोन्ही पंख पसरून, वाळत घातल्यासारखा बसतो. रात्री पाऊस झाला असेल तर आधी गोगलगायी खातो, मग येतो, म्हणजे अर्धा तास उशीर. माणूस सरळ अंगावर गेला तर झुडपात शिरतो, पण तिरका चालत गेला आणि दुसरीकडे बघत राहिला तर त्याची हरकत नसते. घूप घूप घूप असा जो आवाज येतो तो नेहमी वाटतो त्यापेक्षा लांबून येतो. मी मामांना चालायला शिकवलं. चिकपेटेत ज्याच्यापुढे विणकर मान वर करत नसत तो माणूस माझ्यामागं तिरका चालत होता आणि मी दबक्या आवाजात सांगत होते, "मामा, पायाचा आवाज. मामा, खोकू नका."

"खोकला माझ्या हातात आहे काय?"

"तोंडावर उपरणं धरा."

रोज भारद्वाज, रोज टोपी काढून नमस्कार, आणि मग मामा ताठ मानेनं दुकानात. त्या महिन्यात त्यांनी जेवढी खरेदी केली तेवढी आयुष्यात केली नव्हती. इलकलवाल्यांशी भाव करताना बिनधास्त झाले होते, घरी येऊन सांगायचे, "आज नजरेला नजर देऊन पाडला." एक खाडा गेला तो पावसात, आंब्यांच्या मोसमातला तो वळीव, गारा पडल्या. दुसरा खाडा गेला मामांच्या खोकल्यापायी. तो माझ्या नावावर धरू नका म्हणून मी भांडले, मामांनी धरला. चोविसाव्या दिवशी मला पक्ष्याच्या चोचीत काडी दिसली. मग दुसराही दिसला, जोडी होती. बांबूच्या आत, कमरेएवढ्या उंचीवर, ओबडधोबड गोळ्यासारखं घरटं तयार होत होतं. मी हे मामांना सांगितलं नाही. मुनियप्पाला सांगितलं आणि त्या बाजूला झाडू नकोस म्हणून विनवलं. त्यानं झाडलं नाही. केंबूताला हसणारा तो माणूस रोज मला विचारायचा, "अंडी झाली काय अक्का?"

अक्षयतृतीयेची सकाळ. मामीनं आदल्या दिवशीच आंबे पाण्यात घातले होते. मामा नवं उपरणं घेऊन तयार. आम्ही विहिरीपाशी गेलो तर कठडा रिकामा. ऊन बांबूवरून खाली आलं, कठड्यावर आलं, जमिनीवर आलं, तरी पक्षी नाही. अंडी घातली असावीत आणि उबवायला बसला असावा, हे मला कळत होतं. दुसराही कुठं तरी चरायला गेला होता. मामांनी घड्याळ काढलं.

"सात वाजले, इंदू."

"थांबा."

"मुहूर्त साडेसातचा आहे. दुकान उघडायचंय."

"थांबा म्हणते ना!"

चंद्रीची मान ताठ झाली होती. नाकाची रेघ सरळ घरट्यावर. माझ्या मनगटावर साखळी गुंडाळलेली होती, तिचे तीन वेढे होते. मी ते सोडवले. सुटली असं मी तेव्हा घरी सांगितलं, पण या पुस्तकात खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे: मी सोडली. चंद्री बांबूत घुसली, काटक्या मोडल्याचा आवाज झाला, आणि भारद्वाज तिच्या तोंडातून वाचून विटेसारखा बाहेर पडला, मामांच्या पायापासून चार हातांवर. शेपटीचं एक पीस खाली राहिलं. मामांनी टोपी काढली, डोळे मिटले, हात जोडले. त्यांचे ओठ हलले. मी ते बघितलं. मग पक्षी फडफडत कुंपणापलीकडे गेला आणि मी चंद्रीला ओढून काढली, तिच्या मिशांना अंड्याचा बलक लागला होता.

घरी आलो. मी अंघोळ केली, मामीची जांभळी साडी नेसले. बाहेर आले तर मामा विनूला हलवून उठवत होते.

"ऊठ, अंघोळ कर. आज गादीवर बसायचंस."

विनू उशीतून म्हणाला, "अप्पा, आज मॅच आहे की माझी."

"मॅच गेली चुलीत."

मी म्हणाले, "मामा, आज मी बसायचं ठरलंय."

"अट काय होती?"

"रोज भारद्वाज दिसायचा. दिसला."

"दिसला कुठं? कुत्रीनं उठवला." मामा एकदम शांत, गिऱ्हाइकाशी बोलतात तसे. "शकुन आपणहून समोर यावा लागतो. हाकलून आणलेला शकुन नव्हे तो. अशानं अपशकुनच व्हायचा."

"मग हात का जोडलेत?"

"सवय."

"ओठ हलत होते तुमचे. काय मागत होतात, सवय?"

"इंदू, तोंड सांभाळ."

"आणि कालचा? परवाचा? ते तर आपणहून कठड्यावर बसले होते."

मामा म्हणाले, "तू बोट करून दाखवायचीस. आता विचार केला तर ते सगळंच स्वल्प संशयाचं झालं की."

हा माणूस एका वाक्यात एकतीस दिवस खाऊन मोकळा झाला. मी म्हणाले, "मग त्या शकुनावर घेतलेला माल परत करा. धर्मावरम परत करा, इलकल परत करा. शकुन खोटा तर खरेदी खोटी. आज दुकानात जे काही आहे ते माझ्या भारद्वाजावर आलेलं आहे."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवण तरी होऊ दे गं, सणाचा दिवस. मग बोलू, आमेले माताडोण." मी तिच्याकडे वळले. "मामी, तू दारात होतीस. काय ठरलं होतं सांग." मामीनं आंबा पिळायला घेतला. कोय पांढरी होईपर्यंत ती तो एकच आंबा पिळत राहिली.

मी देवघरात गेले, गज उचलला आणि मामांपुढे धरला. "ठेवा हात. ठेवा आणि म्हणा, इंदूनं शब्द पाळला नाही. मी आज संध्याकाळच्या गाडीनं निपाणीला जाते, एक शब्द बोलत नाही."

मामांनी गजाकडे बघितलं. त्यांनी हात ठेवला नाही. टोपी घातली, उपरणं झटकलं आणि विनूला म्हणाले, "चल, उशीर होतोय." विनूनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच त्याची दया यावी. त्याला गादी नको होती. ज्याला नको होती त्याला मिळाली, आणि तो चाळीस वर्षं तिच्यावर बसला आहे.

संध्याकाळी मी चंद्रीला घरीच बांधून बागेत गेले. मुनियप्पा बांबूपाशी उभा होता. "गूडु होयितु, अक्का," एवढंच म्हणाला. घरटं गेलं. त्या उन्हाळ्यात तिथं पुन्हा भारद्वाज आला नाही. मामांनी मला फसवलं आणि मी त्या जोडीला. माझ्या बाजूचं पाप मी कबूल करते, त्याचं समर्थन करत नाही. पण समोरच्या बाजूनं आजवर एवढंही कुणी केलेलं नाही.

मामांनी गजावर हात ठेवला नव्हता, म्हणून हातकणंगल्याला मी गेले नाही. मामीच्या ओळखीच्या एका बाईकडून पाच साड्या उधार घेतल्या आणि बोम्मसंद्राला कारखान्यांच्या फाटकाबाहेर, जेवणाच्या सुट्टीत, चादर टाकून बसले. डब्यातली पोळी गुंडाळून खात खात बाया साड्या बघायच्या. उन्हात बसून विकायला शिकले, तीन भाषांत शिव्या द्यायला शिकले, पुढं दोन दुकानं केली. मला कुणाची गादी लागली नाही. हे लोकांना सांगितलं की ते म्हणतात, मग काय, चांगलंच झालं की! हे वाक्य ऐकलं की मला समोरच्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. चोरानं घर लुटलं म्हणून तुम्ही नवं घर बांधलंत, तर चोराचा सत्कार करायचा काय?

आता परवाची गोष्ट. विनायकनं दुकान नव्यानं सजवलं, चार मजली केलं, आणि समारंभाचं आमंत्रण घेऊन सून-मुलासह माझ्याकडे आला. आमंत्रणाबरोबर एक कापडी पिशवी दिली. तिच्यावर भारद्वाज छापला होता, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, सुरेख. खाली तीन भाषांत लिहिलं होतं की संस्थापकांना रोज सकाळी भारद्वाजाचं दर्शन व्हायचं आणि त्या शुभ शकुनावर हे दुकान उभं राहिलं. मी विचारलं, "दर्शन कोण घडवत होतं, तेही छापलंस काय?"

"ताई, तो ब्रँड आहे गं," विनायक हसत म्हणाला. "एजन्सीवाल्यांना स्टोरी पाहिजे होती. कुठल्या काळच्या गोष्टी काढतेस?"

त्याची सून मोबाइलवर फोटो काढत होती. मी चहा दिला, पोहे दिले आणि त्यांना वाटेला लावलं. माझ्या वयात ओरडलं की डॉक्टर रागावतात. पण विनायक, हे पुस्तक छापून झालं की पहिली प्रत तुझ्या दुकानात येणार आहे, आणि मी सोबत येणार आहे. तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मला एकच सांग. तो शकुन खोटा होता तर तो पक्षी तुझ्या पिशवीवर काय करतोय? आणि खरा होता, तर त्या सकाळी गादी कुणाची होती? तू तिच्यावर बसला आहेस, अप्पा आता उत्तर द्यायला नाहीत. तूच सांग.